विरजण आणि पाहुणे

आमच्या मॅडम वर्गात आल्या की हजेरी घेण्याआधी वास घ्यायच्या. दारातच थांबायच्या, डोळे मिटायच्या, नाक जरासं वर करायच्या आणि मग आमच्यातल्या एखाद्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "तू. धुऊन ये." काय धुवायचं ते ज्याचं त्याला कळायचं. कुणी डिओ मारलेला असायचा, कुणी मानेला पावडर थापलेली असायची, कुणाच्या केसांत गजरा असायचा. आमच्यात लातूरकडचा एक मुलगा होता. पहिल्याच दिवशी बोट त्याच्यावर आलं तेव्हा तो बिचारा कळवळून म्हणाला, "मॅडम, मी अंघोळ करूनच आलोय की ओ." मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं की अंघोळीबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही, अंघोळीनंतर त्याने जे उद्योग केले त्याबद्दल आहे.

त्यांचं म्हणणं असं, की नाक हे आपल्या विषयातलं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे आणि लोक त्यावर अत्तर ओतून ते बंद पाडतात. त्यांच्या स्वतःच्या अंगाला कसलाच वास नसायचा. साबणही बिनवासाचा वापरायच्या, तो कुठे मिळायचा देव जाणे. फिकट सुती साडी, वर्षभर त्याच चपला, केसांचा घट्ट अंबाडा, आणि त्या अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन, जे त्या रोज अर्धा तास शोधायच्या.

आमचा विषय औद्योगिक जैवतंत्रज्ञान. ताथवड्याच्या त्या कॉलेजात सगळीकडे इंजिनिअरिंगची पोरं आणि त्यांच्या मोटरसायकली. आमचा विभाग होता तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. एम.एस्सी.ची मूठभर मुलं-मुली, एक प्रयोगशाळा, आणि मॅडम. बाकीचे शिक्षक तासापुरते यायचे आणि तास संपला की दुसऱ्या कॉलेजात पळायचे. लिफ्टमध्ये कोणी विचारलं कुठल्या ब्रँचला, आणि आम्ही बायोटेक म्हटलं, की समोरचा "अच्छा अच्छा" म्हणून मोबाइलमध्ये बघायला लागायचा.

घरी तरी काय वेगळं होतं? थेरगावात आमच्या चाळीत अशी समजूत पसरली की मी रक्त तपासायचं शिकते. शेजारच्या काकू साखरेचा रिपोर्ट घेऊन यायच्या. मी सांगायचे, काकू, आम्ही जंतूंकडून काम करून घ्यायला शिकतो. कारखान्यात माणसं कामाला असतात ना, तसे मोठ्या टाकीत जंतू असतात, ते औषध करतात, कपडे धुवायच्या पावडरीत घालतात ते एन्झाइम करतात. काकू सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ते ठीक आहे गं, पण ही साखर जास्त आहे का? माझे वडील बीडकडचे, भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये पत्रे दाबण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना जंतूंना कामाला लावायची कल्पना फार आवडली होती, कारण जंतू युनियन करत नाहीत. पण अधूनमधून जेवताना हळूच विचारायचे, "काय शिकायलीस ते राहू दे. हे शिकून कंपनीत घेतेत का?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वर्गात कोणाकडेच नव्हतं.

मॅडम शिकवायला येण्याआधी पिंपरीच्या एका जुन्या औषध कारखान्यात होत्या. किण्वन विभागात, म्हणजे आंबवण्याच्या खात्यात. तिथे घरं मावतील एवढाल्या टाक्या होत्या म्हणे, आणि मॅडम त्या टाक्यांच्या जिन्यावर उभ्या राहून नुसत्या वासावरून सांगायच्या की आतली बॅच नीट चाललीय की बिघडलीय. सूक्ष्मदर्शकातून बघून खात्री व्हायला वेळ लागायचा, मॅडमना लागायचा नाही. चांगल्या बॅचला उकडलेल्या बटाट्याचा वास येतो आणि बिघडलेलीला, त्यांच्या शब्दांत, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवाचा". तो कारखाना पुढे आचके देत देत बसला, लोक पांगले, आणि मॅडम शिक्षिका झाल्या. पण कारखाना त्यांच्यातून गेला नाही. रोज सकाळी वर्गाला "पहिली पाळी" म्हणायच्या आणि परीक्षेच्या दिवशी उशिरा आलेल्याला "गेटवर थांब" असं सांगायच्या, जरी आमच्या खोलीला गेट नव्हतं.

आता त्यांच्या भाषेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं.

मॅडमना पुस्तकी शब्दांचा राग होता. मराठी पुस्तकी शब्दांचा आणि इंग्रजी पुस्तकी शब्दांचा, सारखाच. टाकीत सोडण्यासाठी आधी लहान बाटलीत जे जिवंत जंतू वाढवून ठेवतात, त्याला पुस्तकात भारदस्त नाव आहे. मॅडम त्याला विरजण म्हणायच्या. म्हणायच्या, तुझी आई रोज रात्री दुधात चमचाभर दही घालते, ती तुझ्या पुस्तकातलंच करते, फक्त ती त्याचे मार्क मागत नाही. आणि बाहेरचे नको असलेले जंतू टाकीत घुसले, तर त्यांना त्या म्हणायच्या पाहुणे. "पाहुणे आलेत" म्हणजे बॅच गेली, सगळं ओतून टाका, टाकी धुवा, पुन्हा पहिल्यापासून. एवढे दोन शब्द कळले की आमच्या विभागात माणसाचा निभाव लागायचा. नव्या मुलांना आम्ही हेच दोन शब्द आधी शिकवायचो.

ह्यातल्या पहिल्या शब्दावरून मॅडमचं अख्ख्या मराठी भाषेशी भांडण होतं. आनंदावर विरजण पडलं, बेतावर विरजण पडलं, असं कोणी म्हटलं की त्या खवळायच्या. दुधात विरजण पडलं तर दही होतं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. मग आनंदावर विरजण पडलं तर वाईट काय झालं? ज्याने कोणी हे बोलणं रूढ केलं त्याला दही आवडत नसणार आणि एका माणसाच्या आवडीनिवडीपायी अख्ख्या महाराष्ट्राने का भोगायचं, असा त्यांचा सवाल होता. म्हणून त्यांनी परस्पर तो वाक्प्रचार उलटा करून टाकला होता. टाकीत जंतू सोडले, की विरजण पडलं. म्हणजे शुभ झालं, काम सुरू झालं. आम्हीही तसंच बोलायला लागलो. कोणाला नोकरी लागली तरी आम्ही म्हणायचो, चला, ह्याचं विरजण पडलं.

आमच्या पुढच्या वर्गातल्या एका मुलीचा साखरपुडा चिंचवडला होता. मॅडम आल्या, जोडप्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि मनापासून म्हणाल्या, "तुमच्या संसारावर लवकर विरजण पडो." मुलाच्या आत्याबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. मग त्या मुलीने सासरच्या माणसांना बाजूला घेऊन किण्वनशास्त्राचा पहिला धडा शिकवला. लग्न झालं, नीट झालं, पण मॅडमना आमंत्रण फक्त पत्रिकेचा फोटो पाठवून आलं. मॅडमना त्याचं कारण कधीच उमगलं नाही. त्या म्हणाल्या, घाईत असतील.

प्रयोगशाळेतली टाकी हा त्यांचा दुसरा संसार. पहिला नव्हताच. टाकी पाण्याच्या पिंपाएवढी, स्टीलची, आणि ती त्यांनी कुदळवाडीच्या भंगारातून उचलून आणलेली. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्याची असावी. नवी घ्यायला कॉलेजने तीन संचालक बदलेपर्यंत नकार दिला, तेव्हा मॅडम स्वतः भंगारवाल्यांच्या गल्ल्या हिंडल्या. त्या राहायच्या कासारवाडीला, स्टेशनच्या जवळ, एका मुस्लिम कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर. खाली घरमालक चाचांचं गॅरेज होतं. टाकीच्या आतला पंखा फिरवणारा दांडा वाकलेला होता, तो चाचांनी सरळ करून दिला. काम संपल्यावर त्यांनी टाकीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मॅडम, ये इतना बड़ा कुकर, इसमें पकता क्या है?" मॅडम म्हणाल्या, सध्या तरी काही नाही चाचा, आधी शिट्या मारणं बंद झालं पाहिजे. कारण झाकणातून वाफ गळत होती. तेही चाचांनीच बंद केलं, स्कूटरचं रबर बसवून.

बॅच सुरू करायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सण. टाकी वाफेने निर्जंतुक करायची, गार होऊ द्यायची, ज्योतीच्या आडून बाटलीतलं विरजण आत सोडायचं. हे काम मॅडम स्वतः करायच्या, श्वास रोखून. मग टाकीवर तळहात ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणायच्या, "विरजण पडलं. आता पाहुणे यायला नकोत." मग चहा. दोन वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की टाकीसमोर ते कोणी बोललं नाही तर बॅच चालणारच नाही, असं मलाही वाटायला लागलं होतं.

आणि मग आमच्या विभागावरच गदा आली. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. प्रवेश दरवर्षी कमी होत चालले होते आणि खाली दुसऱ्या मजल्यावर डेटा सायन्सवाल्यांना बसायला बाकं पुरत नव्हती. संस्थेच्या विश्वस्तांनी ठरवलं की आमचा अभ्यासक्रम बंद करून खोली त्यांना द्यावी. संचालक सरांनी बरीच रदबदली केली. माणूस भला होता, मूळचा मेकॅनिकलचा, जंतूंना भिणारा आणि मॅडमना त्याहून जास्त भिणारा. त्यांनी विश्वस्तांकडून एक सवलत मिळवली. चाकणला एन्झाइम बनवणारी एक कंपनी होती. त्या कंपनीने जर करार केला, की दरवर्षी शेवटच्या सहामाहीला आमची मुलं प्रशिक्षणाला घेऊ आणि चांगली निघाली तर ठेवून घेऊ, तर अभ्यासक्रम चालू राहील. नाहीतर नाही. कंपनीचे मॅनेजर म्हणाले, येऊन बघतो. तुमची एक बॅच चालू असताना दाखवा.

माझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आता त्या एका भेटीवर येऊन ठेपलं होतं. मॅडमचं तर सगळंच. निवृत्तीला त्यांची चार-पाच वर्षं उरली होती, आणि ही खोली गेली तर टाकी पुन्हा कुदळवाडीला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यांनी बोलून काही दाखवलं नाही. फक्त त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला इतकं पिटाळलं की लातूरकरही बिनवासाचा झाला.

संचालक सरांनी त्या भेटीची तयारी लग्नासारखी चालवली होती. रोज एक मीटिंग. पाहुण्यांना कोणत्या दाराने आणायचं, पाहुण्यांना शाल द्यायची की रोपटं, पाहुणे उपासाचे असले तर साबुदाणा वडा असू दे. एका मीटिंगमध्ये मॅडमनी बॅचबद्दल जे सांगितलं त्यातलं त्यांना अक्षर कळलं नाही. घाम पुसत ते म्हणाले, "मॅडम, मला आपलं साध्या मराठीत कळवत जा हो. मेसेज टाका. बॅच सुरू झाली की एवढंच कळवा, म्हणजे मी निश्चिंत." मॅडमनी मान डोलावली. साध्या मराठीत बोलायचं म्हणजे त्यांच्या आवडीचंच काम.

भेटीच्या दोन दिवस आधी सकाळी बॅच सुरू केली. मॅडमचा हात जराही हलला नाही. विरजण आत गेलं, त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, वाक्य म्हटलं. आणि मग, संचालकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून, हात धुवून बाहेर आल्या, फोन काढला आणि तेच वाक्य जसंच्या तसं त्यांना पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे," आणि पुढे जोडलेले हात. मॅडमना ते जोडलेले हात फार आवडले. आम्हाला दाखवत म्हणाल्या, बघा, मेकॅनिकलचा माणूससुद्धा नमस्कार करतोय.

बॅच अशी चालली की काय सांगू. मी त्यानंतर चाकणला पुष्कळ बॅचेस बघितल्या, पण तशी नाही. नमुना काढून बघितला की एकाच जातीचे, एकाच चणीचे जंतू, दुसरं काही नाही. खोलीभर उकडलेल्या बटाट्याचा वास. भेटीच्या दिवशी सकाळी एन्झाइम मोजलं तेव्हा आकडा इतका चांगला आला की मॅडमनी आम्हाला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तोच आला. अंबाड्यातलं पेन त्यांनी त्या दिवशी न शोधता काढलं आणि पुन्हा खोचलं, ह्यावरून आम्ही ओळखलं की स्वारी खूश आहे.

अकराची वेळ होती. अकरा वाजले, बारा वाजले. आम्हाला कोणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण चाकणहून येणारा माणूस उशिरा आला तर त्याला आपल्याकडे कारण विचारत नाहीत. चाकणच्या चौकात अडकले असतील म्हणालो. मग मोशीला अडकले असतील म्हणालो. एक वाजता ते आमच्या हिशेबाने नाशिक फाट्याला पोहोचले होते. लातूरकर खिडकीतून खाली बघून आला आणि म्हणाला की खुर्च्या मांडलेल्याच नाहीत, आणि कँटीनमध्ये साबुदाणाही भिजवलेला नाही. तेव्हा कुठे मॅडमनी ॲप्रन काढला. मला म्हणाल्या, चल गं. नमुन्याची बाटली घे बरोबर, संचालकांना वास तरी देऊ.

केबिनमध्ये संचालक सर आम्हाला बघून उभेच राहिले. दोन दिवस ते आमच्या मजल्याकडे फिरकले नव्हते, ते का, हे मला त्यांचा चेहरा बघूनही कळेना. एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर भेटायला जातात तसा चेहरा होता. ते म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. होतं असं. मी त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं तांत्रिक अडचण आहे, येऊ नका."

मॅडमनी विचारलं, कोणाला सांगितलं. ते म्हणाले, कंपनीला. मॅडमनी विचारलं, कसली अडचण. संचालकांनी काकुळतीने आपला फोन पुढे केला. आणि मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य चष्मा वर करून वाचलं. मीही वाचलं. विरजण पडलं. आता पाहुणे यायला नकोत.

मला आधी हसू आलं, खरं सांगते, आणि मग मी मॅडमकडे बघितलं.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "सर, ह्यात चूक कुठे आहे? विरजण पडलं म्हणजे बॅच सुरू झाली."

संचालक खाली बसले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत, तसं केलं असतं तर मॅडमना सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या खोलीत झाली असेल. खोलीच्या बाहेर, अख्ख्या महाराष्ट्रात, विरजण पडलं म्हणजे संपलं."

मी तिथे बाटली धरून उभी होते. तिचा वास घ्यायला कोणी हात पुढे केला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. संचालकांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला, तर मॅनेजरसाहेब गुजरातकडच्या प्लांटला निघून गेले होते. पुढची तारीख मिळाली ती विश्वस्तांच्या बैठकीनंतरची. संचालक बैठकीत आमच्या बाजूने बोलले. पण काय सांगणार? दह्याच्या चमच्यावरून घोळ झाला, जरा मुदत द्या? विश्वस्तांनी ऐकून घेतलं आणि ठरल्याप्रमाणे केलं. आम्हाला शेवटचं वर्ष पुरं करू दिलं, नवे प्रवेश बंद झाले. प्रशिक्षणाचं आमचं आम्हालाच बघायला सांगितलं. मॅडमनी जुन्या कारखान्यातली जी जी माणसं अजून कुठे कुठे तग धरून होती त्यांना फोन केले, आणि एकेकाला कुठे ना कुठे चिकटवलं. ते फोन मी ऐकले आहेत. स्वतःसाठी कधी शब्द न टाकणारी बाई आमच्यासाठी गयावया करत होती.

उन्हाळ्यात टाकी गेली. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या.

आता कोणाला वाटेल, त्यांनी राजीनामा तोंडावर फेकला असेल. नाही. संस्थेने त्यांना सामावून घेतलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जो विषय शिकवायला कोणी तयार नव्हतं, तो त्यांच्याकडे दिला. विषय होता संवादकौशल्य. मी विनोद करत नाहीये. वेळापत्रक करणाऱ्याने रिकामा तास आणि रिकामी बाई ह्यांची सांगड घातली, त्याच्या मनात काही नव्हतं. पण आम्हाला कळलं तेव्हा आम्ही ग्रुपवर आधी हसलो आणि मग कोणीच काही लिहिलं नाही. मॅडमनी तोही विषय जीव तोडून शिकवला म्हणे. ती पोरं सांगतात, त्या आल्या की दारातच डोळे मिटून उभ्या राहायच्या, आणि पोरांना वाटायचं प्रार्थना म्हणतायत.

त्यानंतर एकदोन नोकऱ्या करून मी चाकणच्या त्याच कंपनीत लागले. क्वालिटी विभागात. वडिलांना शेवटी उत्तर मिळालं, कंपनीत घेतात. घर थेरगावलाच, रोज कंपनीच्या बसने जाते-येते. मॅडमची आठवण बसमध्ये हटकून येते, कारण पुढच्या सीटवरचा इसम डिओ मारतो. मॅनेजरसाहेब अजून तेच आहेत. एकदा ऑडिट आटोपल्यावर आम्ही सगळे चहाला बसलो होतो, तर कॉलेजांचा विषय निघाला. मी ताथवड्याची, हे त्यांना ठाऊक होतं. ते सहज म्हणाले की तुमच्या त्या कॉलेजशी तेव्हा आमचं जमता जमता राहिलं बघा. मी म्हटलं, बॅच बघायला येणार होतात ना सर. तर साहेब हसले. म्हणाले, "बॅच कसली बघतो? वरून मंजुरी आली होती. सही करायलाच निघालो होतो, तुमच्यात पहिल्यापासून शिकवून तयार झालेली पोरं होती, आम्हाला ती हवीच होती. बॅच म्हणजे आपलं, चहापाण्याला निमित्त."

हे मॅडमना सांगावं की नाही, ह्यावर मी बरेच दिवस घोळ घातला. शेवटी वाटलं, त्यांच्यापासून लपवायचा मला काय अधिकार? त्यांचीच गोष्ट आहे ती. रविवारी कासारवाडीला गेले. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. माझ्या अंगाला वास नाही ह्याचं त्यांनी आधी कौतुक केलं. पोहे केले. मग कंपनीचं विचारायला लागल्या, कुठली टाकी, कोणते जंतू, वाफ किती वेळ देता. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला सांगवेना. पण सांगितलं, साहेब जे बोलले ते, शब्दाला शब्द.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खालून गॅरेजमधून कोणीतरी गाडी रेस करून बघत होतं, ते थांबेपर्यंत थांबल्या.

"म्हणजे त्यांनी हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

"बॅच न बघताच?"

"न बघताच."

"इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले, की आले असते तरी त्यांना पसंत पडलं नसतं. छोटी टाकी, भंगारातली, तिला रबर स्कूटरचं. आपण कोण, आपल्याला कोण विचारतो. असं म्हटलं की बरं वाटायचं मला." त्यांनी माझी रिकामी बशी उचलली आणि हातातच धरून ठेवली. "आणि तू म्हणतेस, आपल्याला कोणी नाही म्हटलंच नव्हतं."

मी बशी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी ती दिली नाही.

"ही बातमी चांगली गं, की वाईट? तू सांग. मला खरंच कळत नाहीये."

त्यांना मी काहीही सांगितलं असतं तर त्यांनी ते उलटं करून दाखवलं असतं, आयुष्यभर तेच केलं होतं त्यांनी, आणि मला मनापासून वाटत होतं की आजही त्यांनी तसंच करावं. मी म्हटलं, "वाईट आहे, मॅडम."

त्यांनी मान हलवली. "हो," म्हणाल्या, आणि बशी घेऊन आत गेल्या. वाद घातला नाही.